भिंगरीची शेड

दादांनी शब्द दिला आणि फिरवला, असं आयुष्यात एकदाही झालेलं नव्हतं. लाकडी खोकी बनवण्याच्या धंद्यात पन्नास वर्षं काढलेला माणूस. मंगळवारी दोनशे खोकी म्हटलं की मंगळवारी दोनशे, मग सुताराला ताप येवो नाहीतर फळ्यांचा ट्रक वाटेत बंद पडो. त्यामुळे धाकटी बहीण गेल्यावर महिन्याभरात त्यांनी जुनी शेड टायरवाल्याला गोदामासाठी कबूल केली, तेव्हा टायरवाल्याने साधा कागदही मागितला नाही. महिनाअखेरीला रिकामी करून देतो, असं दादा म्हणाले, दोघांनी चहा घेतला आणि विषय मिटला.

राहता राहिलं एकच काम. शेडमध्ये जी माणसं ठाण मांडून होती, त्यांना हे सांगायचं.

ही माणसं म्हणजे दादांच्या डोक्याला बावीस वर्षांचा ताप. त्यांत दिवसा लोकांच्या घरचं वायरिंग करणारा आणि संध्याकाळी शेडचे दिवे सांभाळणारा एक दिवेवाला होता, एक पोस्टातल्या बाई होत्या, एक निवृत्त भूगोलाचे मास्तर होते, आणि बाकीचे दादांच्या मते नुसतेच केस वाढवलेले होते. दर शनिवारी संध्याकाळी ही मंडळी शेडमध्ये जमायची आणि काहीतरी करायची. काय करायची, ते दादांना विचारू नका. नाटक म्हणावं तर त्याला गोष्ट नसायची, गाणं म्हणावं तर त्याला चाल नसायची, आणि नाच म्हणावं तर अर्धा वेळ माणूस उभाच असायचा, असं त्यांच्या कानावर आलेलं. आणि हा सगळा उद्योग उभा केला होता त्यांच्या सख्ख्या बहिणीने. घरात तिला भिंगरी म्हणत. शेडमधले सगळे तिला मावशी म्हणत, मग ते स्वतः पंच्याहत्तरीचे का असेनात.

भिंगरी हे नाव वडिलांनी ठेवलेलं. दादांपेक्षा ती सहा वर्षांनी लहान. वडिलांचा खोक्यांचा कारखाना याच शेडमध्ये होता, आणि दोघं भावंडं शाळा सुटली की तिथेच. दादा एका कोपऱ्यात मुकाट्याने फळ्या मोजायचे. भिंगरीला खिळे मोजायला बसवलं, तर ती खिळ्यांची माणसं करून त्यांची भांडणं लावून द्यायची, आणि लहान खिळ्याला मोठ्या खिळ्याकडून असं काही ऐकवायची की सुतार रंधा टाकून हसत बसायचे. वडील म्हणायचे, "एक पोरगा मोजतो आणि एक पोरगी मोजलेलं विस्कटते." यात कौतुक नक्की कुणाचं होतं, ते दादांना तेव्हाही कळलं नाही, आणि पासष्टी उलटली तरी ते मधूनमधून त्यांना सलायचं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते कारखान्यात पूर्णवेळ उभे राहिले. भिंगरी शिकली.

एकोणिसाव्या वर्षी ती मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर लागली. बाहेरून फोन आला की घ्यायचा, कोण हवंय ते विचारायचं आणि आत जोडून द्यायचा, एवढंच काम. तिने ते एकतीस वर्षं केलं. हॉस्पिटलात फोन करणारा माणूस घाबरलेला असतो. तो आधी भलतंच बोलतो, वॉर्ड चुकीचा सांगतो, पेशंटचं नाव अर्धवट सांगतो, नाहीतर एकदम ओरडतो. भिंगरी कुणावर खेकसायची नाही. "सावकाश," ती म्हणायची, "पुन्हा एकदा सांगा." दुसऱ्यांदा माणूस नेमकं सांगायचा. घरी आली की जेवताना ती एकटी दहा-दहा माणसांचे आवाज काढायची, आणि दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, हसून हसून घास अडकायचा. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "दिवसभर चारशे लोकांशी बोलते. घरी आल्यावर आणखी एक कशाला?" पुढे पुढे विचारणारेच दमले.

त्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणारा एक माणूस होता. जेवणाच्या सुट्टीत तो तोंडाने अख्ख्या वॉर्डाचे आवाज काढायचा. सलाईनचा थेंब, स्ट्रेचरचं कुरकुरणारं चाक, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्याची चप्पल, खिडकीपाशी बसून दम लागलेली बाई. बाकीचे हसायचे. भिंगरीने मात्र मनावर घेतलं. हे लोकांनी नीट बसून ऐकलं पाहिजे, असं तिच्या डोक्यात शिरलं आणि डोक्यात शिरलेलं तिथून काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. गावातल्या दोन्ही नाट्यगृहांनी तिला दारातूनच वाटेला लावलं. मग ती दादांकडे आली. दादांनी तेव्हा नुकताच कारखाना गावाबाहेर मोठ्या जागेत नेला होता आणि जुनी शेड रिकामी पडली होती.

"दादा, एका संध्याकाळपुरती शेड दे."

"कशाला?"

"एक माणूस आवाज काढणार आहे."

"कसले आवाज?"

"हॉस्पिटलचे."

टेलिफोनने हिचं डोकं फिरलंय, असं मनाशी म्हणत दादांनी चावी दिली. ती एक संध्याकाळ बावीस वर्षं चालली.

पहिल्या संध्याकाळी दादा स्वतः गेले होते. अकरा माणसं होती. स्ट्रेचरवाला मधोमध स्टुलावर बसला आणि सुरू झाला. थेंब पडला, चाक कुरकुरलं, चप्पल ओढली गेली. पुन्हा थेंब. दादांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळे मान खाली घालून, डोळे मिटून गंभीर. वीस मिनिटं झाली. सगळ्यांना काहीतरी कळतंय आणि आपल्यालाच कळत नाही, ही गोष्ट त्यांच्या घशाशी आली आणि तोंडातून बाहेर पडली, "अहो, हा माणूस बोलणार कधी? मला तर काहीच कळेना!"

शेड हसली. अकराच्या अकरा जण हसले, भिंगरीही हसली. दादांचे कान तापले. कारखान्यात माल भरायचाय, असं काहीतरी पुटपुटत ते निघाले ते निघालेच. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला 'मला कळलं नाही' हे चारचौघांत बोलणं म्हणजे भर रस्त्यात पँट फाटल्यासारखं असतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. लोकांना ते सांगत, "ते वेडे चाळे बघायला मला वेळ नाही." भिंगरीच्या तोंडावरही सांगत.

भिंगरीने राग धरला नाही. तिला राग धरताच यायचा नाही, हा तिच्यातला मोठाच दोष होता, कारण समोरच्याला भांडण मिटवायची संधीच मिळायची नाही. उलट दर शुक्रवारी कारखान्याच्या दाराखालून तिची चिठ्ठी आत यायची. 'दादा, उद्या एक बाई तासभर एकच पत्र वाचणार आहे. ये.' 'दादा, उद्या एक जण घोरणार आहे. झोपेचं सोंग घेऊन नाही, जागेपणी. ये.' 'दादा, उद्या काय होणार आहे ते मलाच माहीत नाही. ये.' दादा वाचायचे, "खुळी," म्हणायचे आणि त्याच चिठ्ठीने सरसाचा ब्रश पुसायचे. बावीस वर्षांत हजारभर चिठ्ठ्या आल्या असतील. आता शोधू म्हटलं तर एक सापडली नसती.

वर्षातून एकदा ती नापास झालेली खोकी मागायची, फळी चिरलेली, नाहीतर खिळा वाकडा गेलेला. दादा टेम्पो भरून पाठवून द्यायचे. जाळते की विकते, त्यांनी कधी विचारलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या छातीत दुखलं. तिच्याच जुन्या हॉस्पिटलात तीन दिवस होती. दादा तिन्ही दिवस पायाशी बसून होते. वडिलांच्या आठवणी निघाल्या, खिळ्यांची भांडणं निघाली, शेडचं नाव कुणी काढलं नाही. गुरुवारी संध्याकाळी दादा निघताना ती नेहमीसारखंच म्हणाली, "शनिवारी ये रे." दादाही नेहमीसारखंच म्हणाले, "बघू." शुक्रवारी पहाटे ती गेली. ते 'बघू' दादांच्या जिभेवर तेव्हापासून बसून होतं, आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. शेड टायरवाल्याला द्यायची घाई त्यांना का झाली, तर ती तिथे उभी असली की कामावर जातायेता दिसायची. दिसली नसती तर बरं झालं असतं, एवढंच.

अशात दिवेवाला घरी आला. शनिवारी मावशीची आठवण म्हणून सगळे जमणार आहेत, प्रत्येक जण काहीतरी करणार आहे, तुम्हीही दहा मिनिटं घ्या, म्हणाला. दादांनी मनात म्हटलं, बरं झालं, सगळ्यांना एकदमच सांगून टाकू. त्यांच्या मुलाने त्यांना व्यवस्थित कागद टाइप करून दिला.

"सांगायचं तर तोंडाने सांगा," वहिनी म्हणाल्या. "कागद कशाला?"

"कागद असला की माणूस भरकटत नाही."

"बरं. मीही येते."

"तू? शनिवारी तुझा विणकामाचा वर्ग असतो ना?"

"आज सुट्टी आहे," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालून पुढे झाल्यासुद्धा.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि दादा पहिल्यांदा अडखळले ते बाकांना. बाक नव्हतेच ते. ती त्यांची खोकी होती. उपडी घातलेली, ओळीने मांडलेली, चिरलेल्या फळीला आतून पट्टी ठोकलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. प्रत्येकावर त्यांच्या कारखान्याचा शिक्का, 'हा भाग वर', आणि बाण जमिनीकडे. दादांनी एकाच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. नव्वद किलो माल पेलणारं खोकं. त्यावर पोस्टातल्या बाई बसल्या होत्या. "दमदार आहेत हं तुमची," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत एक मोडलं नाही."

दादांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. तेवढ्यात चारी बाजूंनी आवाज उठले. "वहिनी आल्या!" "वहिनी, तुमची जागा ठेवलीय!" वहिनी तिसऱ्या ओळीत कडेच्या खोक्यावर जाऊन बसल्या. त्या एकाच खोक्यावर छोटी गादी होती, बसून बसून मधोमध खोलगट झालेली.

दादा शेजारी टेकले. "तुझी जागा? तुझी जागा कशी काय इथे?"

"हळू बोला."

"आणि ते विणकाम?"

"अहो, बावीस वर्षं विणकामाला जातेय. घरात एक मोजा तरी आला का? तुम्ही विचारलंत कधी?"

खरंच आला नव्हता.

कार्यक्रम सुरू झाला. पोस्टातल्या बाईंनी नुसता पत्रांवर मारायचा शिक्का टेबलावर आपटून मावशी शिडी कशी चढायची ते ऐकवलं. चार पायऱ्या भराभर, पाचवीवर थांबून खाली कुणाला तरी रागावणं, मग सहावी. हे दादांना चक्क कळलं, कारण लहानपणापासून ती जिने असेच चढायची. मग भूगोलाचे मास्तर खडू घेऊन उठले आणि जमिनीवर शेडचा नकाशा काढायला लागले. मावशी कुठे उभी राहायची, कुठून पडली होती, कुठे बसून रडली होती. नकाशा अर्धा झाला असेल नसेल, मागून कुणीतरी म्हणालं, "पुन्हा."

आता मास्तर चिडणार, असं दादांना वाटलं. मास्तरांनी मान डोलावली, फडक्याने अख्खा नकाशा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी तोंडाने सांगत सांगत.

"हे काय?" दादांनी विचारलं.

मागे दिव्यांच्या बटणांपाशी बसलेला दिवेवाला पुढे वाकला. "शेडचा नियम आहे, दादा. कळलं नाही तर बघणाऱ्याने 'पुन्हा' म्हणायचं. करणाऱ्याने पहिल्यापासून करायचं. कुरकुर चालत नाही."

काय एकेक खूळ, दादा मनात म्हणाले. तोवर त्यांचं नाव पुकारलं गेलं.

ते मधे जाऊन उभे राहिले, चष्मा लावला, कागद उलगडला आणि वाचायला लागले. "सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, सदर जागा यापुढे अन्य कामासाठी वापरण्यात येणार असल्याने, सदर जागेत चालणारे कार्यक्रम या महिन्यापासून कायमचे बंद करण्यात येत आहेत. तरी संबंधितांनी आपले सामान महिनाअखेरपर्यंत हलवावे."

मग मागच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. मग टाळ्या. "वा दादा! नोटिशीची भाषा काय पकडलीय!" "सदर जागा! क्या बात है!" आता यात त्यांचा तरी काय दोष. त्या जागेत बावीस वर्षांत लोकांनी औषधाच्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या, विजेची बिलं गाऊन दाखवली होती. तिथे उभं राहून कुणी खरीच नोटीस वाचेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. आणि एक केस वाढवलेला मोठ्या आदराने म्हणाला, "पुन्हा, दादा. सदर संबंधित म्हणजे नक्की कोण, ते कळलं नाही."

दादांचं डोकं तडकलं. त्यांनी कागदाचा बोळा केला. "अहो, संबंधित म्हणजे तुम्ही! हे नाटक नाहीये! ही शेड टायरच्या गोदामाला चाललीय! मी शब्द दिलाय! खोकी उचला आणि आपापल्या घरी जा, समजलं?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. "आता रंगलं!" मास्तर म्हणाले. "राग अस्सल आहे. फक्त यात मावशी कुठे दिसत नाही हो."

दादांनी असहाय होऊन तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"ते खरं बोलतायत," वहिनी म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. एकेक चेहरा बदलत गेला, आणि ते बघणं दादांना नोटीस वाचण्यापेक्षा फार कठीण गेलं. पोस्टातल्या बाईंनी टेबलावरचा शिक्का उचलून पर्समध्ये ठेवला. कुणी भांडलं नाही. कुणी हातापाया पडलं नाही. दिवेवाला हळूच म्हणाला, "माफ करा दादा, आम्हाला वाटलं तुम्ही मावशीसाठी काहीतरी बसवून आणलंय." मास्तर वाकून जमिनीवरचा नकाशा पुसायला लागले.

पहिल्या ओळीत एक वाकलेला म्हातारा होता. तो काठी टेकत उठला, तेव्हा कुठे दादांनी त्याला ओळखलं. तो स्ट्रेचरवाला होता.

"जागा तुमची आहे, तुम्ही घ्या," तो म्हणाला. "पण जायच्या आधी एक सांगतो. हा नियम कुणाचा, माहितीय ना तुम्हाला?"

"भिंगरीचा. आणखी कुणाचा?"

"तुमचा."

दादांनी हातातला बोळा खिशात घातला.

"पहिल्या दिवशी तुम्ही ओरडलात, हा माणूस बोलणार कधी, मला काहीच कळेना. आणि गेलात. मी गप्प बसलो होतो, घाबरून. मावशी म्हणाली, माझा दादा बरोबर बोलला, कळत नाहीये. पुन्हा घे. मी पुन्हा घेतला, आणि या वेळी बोललो. चप्पल कुणाची, दम कुणाला लागलाय, ते सांगत गेलो. पहिल्यांदा सगळे नुसते डोळे मिटून बसले होते, दुसऱ्यांदा रडले. त्या दिवसापासून नियम झाला. इथे आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ती पहिल्यांदा हेच सांगायची, की हा नियम माझ्या दादाचा आहे."

"पण तुम्ही तर हसलात," दादा म्हणाले. "सगळे हसलात मला."

"अहो, तुम्हाला कशाला हसू? कळत तर आम्हा अकरा जणांनाही नव्हतं! सुटल्यासारखं झालं म्हणून हसलो. बोलायची हिंमत एकट्या तुमची झाली."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"तिने शपथ घातली होती," वहिनी म्हणाल्या. "म्हणायची, नियमाचं ऐकून यायला नको, त्याचा तो येऊ दे. मी तुम्हाला दर शनिवारी दारातून विचारायचे, चलता का. तुम्ही म्हणायचात, विणकामाला मी येऊन काय करू." त्या अजून उभ्याच होत्या. "आता यांना कळलंय की हे खरं आहे. आता कागद नाही, ओरडणं नाही. यांच्याकडे बघून सांगा. पुन्हा."

कुणी हसलं नाही. दादा तिथेच उभे होते, आणि नियम त्यांचाच होता.

"ही शेड," दादांनी सुरुवात केली आणि थांबले. "ही शेड माझ्या वडिलांची. मी या कोपऱ्यात फळ्या मोजायचो. ती त्या कोपऱ्यात खिळ्यांची भांडणं लावायची. मला वाटायचं, काम मी करतो आणि कौतुक तिचं होतं. मला तिचा हेवा वाटायचा." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला. "तिने मला हजार वेळा बोलावलं. मी एकदा आलो. वेळ नव्हता म्हणून नाही. लाज वाटायची. तुम्हा लोकांना कळतं आणि मला कळत नाही, म्हणून लाज वाटायची. तिच्या चिठ्ठ्यांनी मी ब्रश पुसले. शेवटीसुद्धा ती म्हणाली, शनिवारी ये, आणि मी म्हणालो, बघू. मरणाऱ्या बहिणीला कुणी बघू म्हणतं का? मला ती हवीय. मला तिला विचारायचंय की तू इथे बावीस वर्षं काय करत होतीस, आणि विचारायला आता कुणी नाही. तुम्हीच आहात."

मास्तरांच्या हातातलं फडकं तसंच होतं.

"म्हणून मी तुम्हाला सांगायला आलोय, की ही शेड..." दादा पुन्हा अडले. पुढचे शब्द त्यांना पाठ होते. दोनदा म्हणून झाले होते. तिसऱ्यांदा ते काही केल्या बाहेर येईनात, कारण ते आता खोटे झाले होते. "नाही देणार," ते म्हणाले. "नाही देणार मी कुणाला. बसा खाली सगळे."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक आपापल्या खोक्यांवर बसले, आणि मास्तरांनी फडकं ठेवून खडू उचलला. दादा तिसऱ्या ओळीत वहिनींच्या शेजारी जाऊन बसले आणि लहान मुलासारखे रडले. वहिनींनी गादी अर्धी त्यांच्याकडे सरकवली.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला दादा टायरवाल्याच्या दारात हजर. रात्रभर त्यांना झोप नव्हती. पन्नास वर्षांत जे केलं नाही ते करायला आले होते, आणि त्यांनी ते उभ्याउभ्याच करून टाकलं. "शेड देता येत नाही. शब्द दिला होता, तो मोडतोय. चूक माझी आहे."

टायरवाल्याचा आधी विश्वास बसेना. मग तो तापला. माझे टायर काय डोक्यावर घेऊन फिरू का, म्हणाला. तुमच्या शब्दावर मी दुसरी जागा सोडली, म्हणाला. बाजारात कळलं तर तुमची काय पत राहील, हेही विचारलं. दादांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही, कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसरी जागा शोधायला मी स्वतः तुमच्याबरोबर फिरतो, एवढंच म्हणाले.

बोलून बोलून टायरवाला दमला. एका टायरवर बसला. दादांसाठी त्याने दुसरा टायर पायाने पुढे ढकलला.

"एवढं आहे तरी काय हो त्या शेडमध्ये?" त्याने विचारलं. "शब्द मोडण्यासारखं? चालतं काय तिथे?"

दादा त्या टायरवर बसले.

"मला अजून नीट कळलेलं नाही," ते म्हणाले. "शनिवारी या. मीपण येतोय."